इंजिनघरापुढची रांग

मार्च महिना लागला की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवावं असं ते दुखणं नाही. शेजारच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांच्यावर मिरच्या पसरतात, आणि मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने वर जाऊन बघते, यांची ब्याडगी आपल्यापेक्षा लाल आहे का. असली तर दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. कोल्हापुरात चटणीचा हंगाम असतो आणि तो परीक्षेच्या हंगामाला लागूनच येतो. पोरं खाली बसून पाठांतर करतात, बाया वर बसून मिरच्यांचे देठ खुडतात, आणि निकाल दोघांनाही वर्षभर भोगावा लागतो.

चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची ती नव्हे. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरची, धने, तीळ, खोबरं, खडा मसाला, कांदा, लसूण असं सगळं भाजून, तळून, कुटून बरणीत दाबून ठेवायचं आणि आमटीपासून मटणापर्यंत सगळ्याला तेच वापरायचं. वर्षातून एकदाच करायची. बिघडली तर बिघडलेली वर्षभर खायची, आणि घरातलं कुणी ना कुणी घासाघासाला त्याची आठवण करून देतं. नव्या सुनेची परीक्षा दुसऱ्या कशात घेत नाहीत. पुरणपोळी चुकली तर सण निघून जातो. चटणी चुकली तर ती पुढच्या शिमग्यापर्यंत बरणीतून तुमच्याकडे बघत राहते.

परवा रविवारच्या पुरवणीत शहरातल्या गेलेल्या वास्तूंवर पानभर मजकूर आला होता. एक नाटकाचं थिएटर, एक बंगला, दोन कमानी, कुणा सरदाराचा चौक. सगळ्यांचे जुने फोटो, खाली तळटिपा. मी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. आमचं इंजिनघर त्यात नव्हतं. थिएटरात आयुष्यात कितीदा गेला असाल? इंजिनघरात या शहराच्या अर्ध्या भागाची चव तयार होत होती. पण कमानीला फोटो मिळतो, कांडपाचा फोटो कोण काढणार? त्या कमानींवर मी अजून रुसून आहे.

इंजिनघर आमच्या गल्लीच्या तोंडाला होतं. कमरेच्या वरपर्यंत काळा दगड, त्यावर चुन्यात बसवलेली वीट, वर पत्रा, आणि भिंतीत उंचावर एक गोल भोक. त्यातून पूर्वी इंजिनाच्या धुराचा पाइप बाहेर जायचा. मी लग्न होऊन मुरगूडहून आले तेव्हा नव्वदचं दशक सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली होती. इंजिन केव्हाच गेलं होतं, विजेची मोटर आली होती, पण नाव तेच राहिलं होतं. आत मधोमध पूर्वी ज्यावर इंजिन बसवलेलं होतं तो दगडी ओटा होता. त्यातून चार जाडजूड बोल्ट वर आलेले. आम्ही बाया आपला नंबर येईपर्यंत त्याच ओट्यावर बोल्ट चुकवून बसायचो. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला डंक. डंक म्हणजे पट्ट्यावर चालणारी लोखंडी मुसळं. ती वरून धाडधाड उखळात पडायची आणि मिरचीचा भुगा करायची. भिंती मिरचीने लाल झालेल्या. कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा लाल. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा शिंक, मग ठसका, मग डोळ्यांना पाणी, आणि या तिन्हींतून गेल्यावर कुठे शेजारी कोण बसलंय ते दिसायचं.

त्या जागेचा इतिहास ओट्यावर बसल्या बसल्या ऐकायला मिळायचा, आणि दर बाईचा वेगळा. एक म्हणायची, ही घोड्यांची पागा होती. दुसरी म्हणायची, गगनबावड्याकडून घाट चढून येणाऱ्या गाड्या पावसात इथं थांबायच्या, म्हणून छप्पर इतकं उंच. तिसरीच्या मते सरकी काढायचा कारखाना होता. एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं की बांधलं तेव्हा ते गावाबाहेर होतं, चहूबाजूंनी ऊस होता, आणि त्या अंगाला शहराचं ते पहिलं पक्कं बांधकाम. नंतर शहर चालत चालत त्याच्यापर्यंत आलं, त्याला वळसा घालून पुढे गेलं, आणि पुढे जाऊन कॉलन्या, बंगले, अपार्टमेंट करत बसलं. मी एकदा मालकांनाच विचारलं, की हे नक्की बांधलं कशासाठी. ते गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, “आज्ज्यानं बांधलंय. कशाला ते आज्ज्याला म्हाईत. दळाप कुणाचं हाय पुढं?”

खरा इतिहास गौराक्काकडे होता. निदान तिचा तसा तोरा होता.

गौराक्का आमच्या समोरच्या घरातली. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, लिंगायत, माहेर बेळगावकडचं. नवऱ्याचं किराणा दुकान. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि भांडण आलं की दोन्ही. कपाळावर विभूती, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. ती या गल्लीत आली तेव्हा इंजिन होतं. ते सुरू करायला दोन माणसं चाक फिरवायची, मग ते पुक पुक करत उठायचं, आणि सगळी गल्ली त्या ठेक्यावर कामाला लागायची. इंजिन गार ठेवायला बाहेर पाण्याचा हौद होता आणि त्यातलं पाणी कायम कोमट. “माझी दोनी पोरं त्या पाण्यानं न्हायली,” असं ती दर हंगामात एकदा तरी सांगायची. “थंडीत बंब पेटवायला लागत न्हवता गं. बादली घिऊन जायाचं आनि आनायचं.” मग माझ्याकडे वळून, “तू कुठनं बघणार? तू आल्तीस तवा हौदबी बुजवला हुता.”

हे “तू कुठनं बघणार” मला झोंबायचं. न बघितलेल्या इंजिनाचा, न शिवलेल्या कोमट पाण्याचा कुणाला हेवा वाटतो का? मला वाटायचा. ओट्यावर बसले की मी त्या चार बोल्टांकडे बघायची आणि मनात म्हणायची, हिच्याआधी मी इथे यायला हवी होते.

पण हा हेवा लहानच होता. मोठा होता तो चटणीचा.

आमच्याकडे नव्या चटणीची पहिली वाटी शेजारी द्यायची पद्धत. पहिल्या वर्षी मी माझी वाटी आक्काकडे नेली आणि तिची वाटी आमच्याकडे आली. आमचे हे उद्यमनगरात लेथवर काम करायचे. खाण्यापिण्यात फारसं बोलणारे नव्हेत. त्या रविवारी मटण होतं. आमच्या बरणीचं तोंड अजून फडक्याने बांधलेलंच होतं, म्हणून मी आक्काची वाटी उचलली आणि रश्श्यात घातली. हे जेवले, वाटी पालथी करून प्यायले, आणि म्हणाले, “आज रस्सा झालाय बघ. अशी चटणी कर की गं.”

मी सांगितलं, ही आक्काची आहे.

“व्हय? म्हटलं आज चव कशी काय आली.”

जिच्या घरात आयुष्यात कधी मटण शिजलं नाही, जी आमच्या मटणाच्या दिवशी समोरचं दार ओढून घ्यायची, तिच्या चटणीने आमचा रविवार जमला होता. त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आपटून घासली. पुढच्या वर्षी मी मिरची बदलली, धने वाढवले, खोबरं कमी केलं. त्याच्या पुढच्या वर्षी माहेरहून आईला बोलावून तिच्या हाताने मसाला भाजून घेतला. हे जेवायचे, मान हलवायचे, म्हणायचे, “चांगली हाय.” चांगली हाय म्हणजे काय ते लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको. आणि आक्काची वाटी आली की तेच हे बोटाने वाटी पुसून खायचे.

तिच्यात असं काय आहे, हे शोधायचा मी फार प्रयत्न केला. तिच्या गच्चीवर काय वाळतंय ते बघितलं. लक्ष्मीपुरीत ती ज्याच्याकडून मिरची घेते त्याच्याकडूनच घेतली. आमच्या दोघींच्या पिशव्या एकाच पोत्यातून भरल्या होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तरी तिच्या चटणीला जो वास यायचा तो माझ्या बरणीत उतरला नाही. मग ओट्यावरच्या एका म्हातारीने मला ते शहाणपण दिलं. उखळात आधीच्या बाईची मूठभर चटणी राहतेच, कितीही खरवडा. ती मागच्या बाईच्या चटणीत मिसळते. म्हणून कुणाच्या पाठीमागे नंबर लावायचा हे बघून लावावं. काही सोवळ्या बाया आपला नंबर आला की आधी उखळात मूठभर खडेमीठ कुटून घ्यायच्या, आधीचं सगळं निघावं म्हणून. “मीठ मार रं बंडूमामा,” असं म्हणायच्या. बंडूमामा म्हणजे डंक चालवणारा, डोक्याला फडकं, भुवयासुद्धा लाल.

मग मी ठरवलं, आक्काच्या मागे नंबर लावायचा. तिची मूठभर चटणी माझ्या चटणीत यायला हवी.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची. पहाटे येऊन डबा ठेवायचा आणि घरी जाऊन स्वयंपाक उरकायचा. मी आक्काचा डबा शोधत जायची, तर तो नसायचाच. वाट बघून माझा ठेवायची, आणि थोड्या वेळाने येऊन बघावं तर बरोबर माझ्या मागे आक्काचा पितळी डबा. दर वर्षी. शिवाय ती मिठाची एवढी कडक बाई, दुसऱ्या कुणाच्या मागे असती तर दोनदा मीठ मारून घेतलं असतं, पण माझ्या मागे आली की मिठाचं नाव काढायची नाही. “असू दे, घाल तसंच,” म्हणायची. याचा मी सरळ अर्थ लावला. माझ्या चटणीला चवच नाही, ती राहिली काय आणि गेली काय, मीठ कशाला वाया घालवा. असा अपमान कुणी तोंडावरसुद्धा करत नाही.

एक हंगाम मला सगळ्यांत जास्त आठवतो तो इंजिनघराचा शेवटचा. दोन हजार साल नुकतंच उलटलं असेल. मालक वारले होते आणि नातवंडांना गिरणीत रस नव्हता. कुणी बिल्डर जागा बघून गेला, फूटपट्टी लावून गेला, आणि गल्लीत बातमी पसरली की पावसाळ्याआधी पाडणार. बाया अशा लोटल्या की रांग रस्त्यावर आली. पुढे सोय होईल न होईल, म्हणून कुणी दोन वर्षांची चटणी करून ठेवत होत्या. उन्हाने पत्रा तापलेला, आत मिरचीचा धूर, बाहेर रिक्षावाले नाकाला रुमाल लावून शिव्या देत चाललेले. कबनूरला लेक दिलेली एक बाई लेकीचीही मिरची घेऊन आली होती. तिकडे यंत्रमागांच्या खडखडाटात लेकीला मिरच्या वाळवायला उसंत मिळत नाही म्हणून. ओट्यावर बसायला जागा नव्हती, तरी सगळ्या एकेकदा बसून उठत होत्या. माझ्या शेजारच्या बाईने तर बोल्टला हळद-कुंकू लावलं. कुणी हसलं नाही.

मी मनाशी म्हटलं, या वेळी नाही सोडायची. डबा घेऊन दाराशीच उभी राहिले. आक्का आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिने डबा माझ्या मागे टेकवला.

“आक्का, तुम्ही व्हा पुढं. मला घाई न्हाय,” मी म्हटलं.

“नको गं. तुझा नंबर हाय, तुझं होऊ दे.”

“तुम्ही मोठ्या. तुमच्याआधी मी कशी घालू?”

“अय्यव्वा! आजवर घालत हुतीस की. आज काय झालं?”

मी तिचा डबा उचलून पुढे ठेवला. तिने तो उचलून मागे ठेवला. मी पुन्हा पुढे. ती पुन्हा मागे. तिचं हसू मावळलं होतं, माझंही. मागच्या बाया बघायला लागल्या. आमचा नंबर येईपर्यंत हेच चाललं. शेवटी बंडूमामा ओरडला, “ए बायांनो, ह्यो डंक हाय! लगीन न्हवं, मानपान करत बसायला!” आणि जवळ होता तो माझा डबा ओढून त्याने उखळात ओतला. माझ्यापुढे कुणी अनोळखी बाई झाली होती, तिचं तिखट कसलं होतं देव जाणे. आक्का माझ्या मागे आली आणि नेहमीसारखी मीठ न मारता कुटून घेऊन गेली. मी घरी जाऊन रडले. बरणी भरताना रडले म्हणून कुणाला कळलं नाही. चटणी भरताना सगळ्याच बाया रडत असतात.

मे महिन्यात इंजिनघर पाडलं. काळ्या दगडाच्या भिंतीला पहिला घाव बसला आणि इतक्या वर्षांचं मुरलेलं तिखट एकदम उधळलं. मजूर तोंडाला फडकी बांधून शिंकत होते, ट्रकवाला शिंकत होता, जागा बघायला आलेला बिल्डर गाडीची काच वर करून आत शिंकत होता. चार-आठ दिवस सगळी गल्ली शिंकत होती. इतक्या लोकांना एकाच वेळी ठसका लागावा असा निरोप माझ्या माहितीत कुठल्या कमानीला मिळालेला नाही. तो ओटा निघता निघत नव्हता. शेवटी मशीन आणून फोडला. खाली ना पागेची फरशी निघाली, ना सरकीचा कण. नुसता मुरूम. ते कशासाठी बांधलं होतं हे कळण्याची शेवटची संधी तिथे गेली.

आता तिथे चार मजल्यांचं अपार्टमेंट आहे. खाली मोबाइलचं दुकान आणि दातांचा दवाखाना. नव्या रहिवाशांना इंजिनघर माहीत नाही. त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळतात, त्या ते कुठल्या तरी बंद डब्यासारख्या यंत्रात दळून आणतात, तिथे बसायला खुर्च्या आहेत आणि शिंक येत नाही. मला त्यांचाही हेवा वाटतो, कारण त्यांना काय गेलं ते ठाऊक नाही.

पाडल्यानंतरच्या वर्षी ज्याला जिथे जमलं तिथे तो गेला. मी रंकाळ्याच्या बाजूला एका कांडपावर, आक्का तिच्या दुकानाजवळच्या एका नव्या ठिकाणी. वाट्या मात्र गेल्या आणि आल्या. रविवारी मी मुद्दाम तिच्याच वाटीतली चटणी रश्श्यात घातली. का घातली ते विचारू नका. सवय झाली होती म्हणा, नाहीतर आपल्याच जखमेवरची खपली काढायची खोड म्हणा. ह्यांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

“आक्काची न्हाय ही.”

“आक्काचीच आहे.”

“मग बिघडलीया. रंग हाय, वास हाय, खाली काय न्हाय.”

मला काय झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत माझं जेवण असं अंगी लागलं नव्हतं. मी पुन्हा वाढून घेतलं. समोरचं दार ओढलेलं होतं, नाहीतर जाऊन दारातच उभी राहिले असते.

त्याच आठवड्यात भर दुपारी आक्काच आली. डोक्यावरून पदर, तोंड उन्हाने तांबडं. मी पाणी दिलं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने फिरवाफिरव काही केली नाही.

“माझी चटणी ह्या वर्सी गेली बघ.”

“छे हो, चांगली आहे की,” मी म्हटलं. ‘चांगली आहे’ कसं म्हणायचं ते मला घरातच शिकायला मिळालं होतं.

“खोटं बोलू नगंस. माझी मी खातो की न्हाय? मला कळत न्हाय व्हय?” आमच्याकडे बायकाही खातो-जातो म्हणतात, आक्का तर पक्की. “तुझ्या मागनं नंबर लावत हुतो मी. तू आलीस त्या पैल्या सालापास्नं. चुकून तुझ्या मागं डबा लागला आनि त्या वर्सी चटणी अशी झाली, अशी झाली म्हनतीस! मग सोडलंच न्हाय. कोपऱ्यावर हुभा राहून बघत हुतो, तुझा डबा कधी यील. तुमच्या मुरगूडकडची ती करपेस्तोवर भाजलेली तिळाची आग, ती मूठभर पायजे हुती मला. माझ्यात नुसता रंग गं. जाळ तुझा हुता.”

माझ्या तोंडून एवढंच निघालं, “आणि मीठ?”

“मीठ मारून घालवू व्हय ते?”

आम्ही दोघींनी तिथल्या तिथे एक खटाटोप केला. तिच्या वाटीत माझी चिमूटभर चटणी घालून कालवून बघितली. तिने चाखली, मी चाखली. काही झालं नाही. दोन वेगळ्या चटण्या एका वाटीत, एवढंच. “ते मुसळाखाली एकजीव व्हतंय, बोटानं न्हाय व्हत,” आक्का म्हणाली, पाणी प्यायली आणि उन्हात निघून गेली. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते लेथवरचे, मापात बोलणारे. म्हणाले, “डबाभर चटणीत मुठीनं काय हुतंय? तुझं मन राखलं आक्कानं.”

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. आक्का आता पुण्याला लेकाकडे असते, फोनवर सुनेच्या मिक्सरची निंदा करते. तिला पुन्हा विचारायचा धीर मला होत नाही. तिने सांगितलं ते खरं असेल, तर इतकी वर्षं मी माझ्याच तिळावर जळत होते. उखळ असतं तर एका हंगामात खरं-खोटं करून दाखवलं असतं. ते नाही, त्यामुळे आता हे कधी ठरणार नाही.

आणि ते खोटं असेल, तर? तर ती हरलेली बाई, जिच्या चटणीचं नाव गेलं होतं, भर उन्हात उठून समोरच्या घरात आली आणि आपलं उरलंसुरलं नाव माझ्या पदरात टाकून गेली. का, तर मी इतकी वर्षं कशावर जळतेय ते तिला दिसत होतं. तिची चटणी बिघडली त्या दिवशी मी काय केलं, तर दोनदा वाढून घेतलं. मार्चमध्ये मिरच्यांचे देठ खुडताना मी हाच विचार करते, की तिच्या जागी मी असते तर उठले असते का. बोटांची आग होत असते आणि उत्तर दर वर्षी एकच येतं. तिच्या चटणीचा हेवा माझ्या मनातून कधीच गेला. आता तिचाच वाटतो.